डोंगरातले घर आणि सांगलीचे पाणी

सांगलीत जन्मलेल्या माणसाने कृष्णेला भिऊ नये, असे आमचे वडील म्हणत. त्यांच्या काळी ते खरेही होते. पूर यायचा, घाटाच्या पायऱ्या बुडायच्या, आम्ही मुले पाणी बघायला धावायचो आणि चार दिवसांत नदी आपली आपल्या पात्रात परत जायची. पण २००५ साली पाणी घरात शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी आहे ४५ फुटांची! धान्य, पुस्तके, आईचे शिवणयंत्र, सगळे चिखलात. २०२१ साली पुन्हा तेच. तेव्हा घरात ठराव झाला, की आता डोंगरावर घर घ्यायचे.

आम्ही सातारा गाठले. एका दलालाने कासमार्गे जावळीच्या डोंगरात नेले. वळणावळणावर तो गाडी थांबवी आणि हात पसरून 'व्ह्यू' दाखवी. मग हळूच विचारले, "साहेब, नावावर शेती आहे का?" नव्हती. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कुळकायद्याचे ६३ वे कलम तसे सांगते. दलाल हसला. "त्याची काळजी नको. दाखला होतो." 'होतो' या एका शब्दात डोंगरातल्या जमीनव्यवहाराचे निम्मे शास्त्र सामावले आहे, हे मला तिथे उमगले.

शेतीचा नाद सोडून आम्ही कोयनेच्या काठावरच्या एका गावात गावठाणातले जुने घर बघितले. निम्म्या घरांना कुलपे. घरमालक आजोबांचे दोन्ही मुलगे नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "पाव्हणं, घर घ्या, माझी ना नाय. पन पानी कुठलं पिनार?" गावाला एकच झरा. चैत्रात त्याची धार करंगळीएवढी होते आणि बायका हंडे लावून बसतात. समोर खाली मात्र शिवसागराचे अथांग पाणी चमकत होते! १९६० च्या दशकात आजोबांची भातखाचरे त्याच पाण्याखाली गेली. ते पाणी बोगद्यातून पश्चिमेला जाऊन वीज करते आणि ज्यांची जमीन गेली, ते वर सरकत सरकत डोंगराच्या कुशीत आले. आता तिथूनही त्यांना उठायला सांगणारे गिऱ्हाईक म्हणजे मी होतो.

डोंगराची ही अदलाबदल नवी नाही. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. निदान तेव्हा गावाला गाव मिळाले! पुढे २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तिथल्या बांधकामांना लगाम बसला आणि पैशाचा ओघ शेजारच्या खोऱ्यांकडे वळला. २०१२ साली कास पठार जागतिक वारशात गेले आणि फुलांबरोबर भावही फुलले. २०२४ साली 'नवीन महाबळेश्वर'च्या प्रारूप आराखड्यात सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावे आली. त्याच वर्षी झाडाणी गावातल्या जमीनखरेदीचे प्रकरण गाजले आणि चौकशी लागली.

या डोंगराची सहनशक्ती किती, हे जुलै २०२१ ने दाखवले आहे. पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगाव इथे दरडी घरांवर आल्या, माणसे गाडली गेली. सांगलीचा पूर डोंगरातल्या बंगल्यांमुळे येतो, असे मी म्हणणार नाही. अतिवृष्टी, धरणांचा विसर्ग आणि नदीपात्रातली आमचीच बांधकामे ही कारणे मोठी आहेत. पण उतार कापला, झाडी काढली, की पाणी मुरायचे थांबते आणि माती घेऊन खाली धावते. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी पुढे आमच्याच दारात येते. म्हणजे पुराला भिऊन आम्ही वर जायचे आणि खालच्यांच्या वाट्याला आणखी पाणी पाठवायचे, असाच हा उद्योग!

मग गावकऱ्यांनी काय करावे? विकू नका, हा उपदेश पोट भरलेल्याने करणे सोपे आहे. आजोबांना पैसा हवाच होता. पण जमीन एकदाच विकता येते, खोली दर वर्षी भाड्याने देता येते. विकणाऱ्याचा नातू उद्या त्याच जमिनीवर राखणदार म्हणून उभा राहतो. खोली देणाऱ्याचा नातू मालक राहतो. आराखडा करणाऱ्यांनी रस्त्याआधी झऱ्याचा हिशेब मांडावा, ग्रामसभेला विचारावे आणि 'दाखला होतो' ही वाट बंद करावी. बाहेरच्यांना मज्जाव नको. पण त्यांनी पाहुणे म्हणून यावे.

आम्ही घर घेतले नाही. सांगलीतल्या घरावर एक मजला चढवला आणि सामान वर नेले. दर मे महिन्यात आजोबांच्या दोन खोल्या भाड्याने घेतो आणि आमच्या वाट्याचा हंडा आम्ही भरतो. गेल्या आषाढात त्यांचा फोन आला होता. "पाव्हणं, तीन दिस झालं, हितं पाऊस थांबंना. तुमी सामान वर घ्या."

डोंगरात आपले माणूस असावे ते यासाठी. त्याला जागेवरून उठवून आम्ही तिथे घर बांधले असते, तर हा फोन कुणी केला असता?