हॅले निघालाय, बरं का!

ब्रेकिंग न्यूज! हॅलेचा धूमकेतू परतीला लागलाय. ९ डिसेंबर २०२३ला तो सूर्यापासून सगळ्यात लांब, नेपच्यूनच्याही पलीकडे होता. तिथे पठ्ठ्याचा स्पीड सेकंदाला एक किलोमीटरही नाही. सूर्याजवळ मात्र तोच चोपन्न! (शुक्रवारी सहा वाजता आपण पळतो, तसा.)

तिकडे तो नुसता गोठलेला, कोळशासारखा काळा गोळा. जवळ आला की ऊन लागतं, बर्फाची थेट वाफ होते, धूळ उडते आणि तेव्हा कुठे साहेबांना शेपूट फुटतं. तेही मागे राहत नाही, कायम सूर्याच्या उलट दिशेला. म्हणजे परत जाताना शेपूट पुढे, स्वारी मागे!

हा थाट फुकट नाही. दर फेरीत अंगावरचा काही मीटर थर उडून जातो. आयसॉन नावाचा धूमकेतू तर २८ नोव्हेंबर २०१३ला सूर्याच्या फारच जवळ गेला आणि विरूनच गेला.

बाबांनी १९८६मध्ये गच्चीवरून हॅले पाहिलाय. ‘अंधूक ठिपका होता गं,’ म्हणतात. आता तो जुलै २०६१मध्ये येणार. मी साठीपार, बाबा नव्व्याण्णव. परवा त्यांनी विचारलं, ‘तेव्हा गच्चीला लिफ्ट असेल ना?’