रिकामे पिंप रिकामे नसते

उन्हाळ्यात नळ कोरडे पडू लागले की गोव्यातील अनेक घरांच्या दारापुढे पाणी साठवण्याची पिंपे दिसू लागतात. त्यांपैकी काही पोलादी, भंगारवाल्याकडून स्वस्तात घेतलेली असतात. त्यांत पूर्वी काय भरले होते, हे घेणारा सहसा विचारत नाही आणि विकणाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक नसते. औद्योगिक सुरक्षेची एक मोठी त्रुटी या अज्ञानात दडलेली आहे.

पोलादी पिंपाचा आजचा घाट 1905 च्या अमेरिकी पेटंटांपासून चालत आला आहे. सुमारे 200 ते 210 लिटर द्रव मावणारे, 15 ते 20 किलो वजनाचे हे पिंप अंगावरच्या दोन कड्यांमुळे एकटा माणूसही गडगडत नेऊ शकतो. वेर्णा, कुंडईसारख्या वसाहतींतील औषध, रंग आणि रसायन उद्योगांना लागणारी द्रावके, तेले आणि रेझिने अशाच पिंपांतून येतात. पिंप टिकाऊ असल्यामुळे ते पुन्हा वापरणे शहाणपणाचेच आहे. प्रश्न आहे तो दोन वापरांच्या मधल्या प्रवासाचा.

टोल्युईनसारख्या द्रावकाचे उदाहरण घ्या. हवेत त्याची वाफ साधारण सव्वा ते सात टक्के असली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दोनशे लिटरच्या बंद पिंपात ही किमान पातळी गाठायला दोन-तीन लहान चमचे द्रवही पुरतो. तेवढा द्रव तर कडेच्या दुमडीतच राहून जातो. अशा पिंपाचे झाकण गॅस कटरने कापणारा कामगार प्रत्यक्षात बॉम्बवर वाकलेला असतो. कीटकनाशकाच्या पिंपाचा धोका वेगळा आहे. तिथे स्फोट झाला नाही, तरी पाण्याने विसळूनही न गेलेला अंश घरातल्या हंड्यापर्यंत पोहोचतो.

कायदा याबाबत मुग्ध नाही. धोकादायक व इतर कचरा व्यवस्थापन नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत घातक रसायनांनी दूषित झालेल्या रिकाम्या पिंपांची स्वतंत्र नोंद आहे. ती अधिकृत वापरकर्त्याला किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्रालाच देता येतात. कारखान्यात ती सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. वाहतुकीसोबत विहित नोंदपत्र लागते. पिंपे धुऊन पुन्हा वापरण्याची कार्यपद्धतीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आखून दिली आहे.

मग अडते कुठे? हिशेबाच्या वहीत. कारखान्याच्या दृष्टीने रिकामे पिंप हा कचरा नसून विक्रीची वस्तू असते. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला ते दिले की जबाबदारी फाटकापाशी संपली, असे मानले जाते. नियमानुसार पिंपे धुणाऱ्याला सांडपाण्याच्या प्रक्रियेचा खर्च येतो, म्हणून त्याची बोली कमी पडते. जो काहीच धूत नाही, तो अधिक दर देऊ शकतो. परिणामी आजचा व्यवहार बेफिकिरीला बक्षीस देतो आणि तिची किंमत कटर हाती धरणारा मजूर मोजतो.

यावर बंदी हा उपाय नव्हे. बंदीमुळे व्यवहार आणखी आडवाटेला जाईल. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यात आलेल्या पिंपांचा आणि बाहेर गेलेल्या पिंपांचा ताळा दरवर्षी जुळवून पाहावा. प्रत्येक पिंपावर क्रमांक आणि शेवटच्या द्रवाचे नाव पुसले जाणार नाही असे नोंदवावे. औद्योगिक वसाहतींसाठी सामायिक धुलाई केंद्र उभारल्यास लहान उद्योगांनाही नियम पाळणे परवडेल. भंगारअड्ड्यांतील मजुरांना कापण्यापूर्वीची खबरदारी त्यांच्या भाषेत शिकवणे, हे तर उद्यापासूनही सुरू करता येईल.

भरलेल्या पिंपाची आपण काळजी घेतो, कारण त्यातील माल महाग असतो. रिकाम्या पिंपाजवळ उभा असलेला माणूस त्याहून स्वस्त आहे काय, या प्रश्नाचे उत्तर उद्योगांनी आणि सरकारने कृतीतून द्यायला हवे.