दार ओढल्यावर पिल्लू का रडते?

वाचकहो, या सदरात आपण रेशनकार्डापासून मुलांच्या दहावीपर्यंत पुष्कळ विषयांवर बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. कुणी म्हणेल, माणसांचे प्रश्न संपले का, म्हणून आता कुत्र्याचे पिल्लू घेऊन बसलात? पण आमच्या वस्तीत पिल्लाच्या रडण्यावरून तीन घरांची शेजाऱ्यांशी भांडणे झालेली मी पाहिली आहेत. चौथे घर माझेच होते. म्हणून लिहितो.

जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी माझी धाकटी मुलगी ओढणीत गुंडाळून एक पिल्लू घेऊन आली. नाक्यावर त्याची आई टेम्पोखाली गेली होती. पिल्लू फार तर दोन महिन्यांचे, चिकूच्या रंगाचे. म्हणून नावही चिकूच पडले. पहिल्याच दिवशी चाळीतल्या चौघांनी विचारले, "कोणत्या जातीचं आहे?" मुलीने सांगितले, "कुत्र्याच्या." मला तिचे उत्तर पटले.

शनिवार-रविवार कौतुकात गेले. सोमवारी खरा प्रश्न उभा राहिला. मुलगी सकाळच्या शाळेत, मुलगा कॉलेजात, मी आठच्या लोकलला आणि पत्नी साडेनऊला अंगणवाडीत. दुपारी एकला मुलगी परत येईपर्यंत घराला कुलूप. त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर भिंतीपलीकडे राहणारे काका दारातच उभे होते. ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. दिवसा झोपले तर रात्री उभे राहू शकतात. डोळे लाल झालेले. ओरडले नाहीत, एवढेच म्हणाले, "भाऊ, तीन तास तुमचं पिल्लू रडत होतं. मला आजही ड्युटी आहे."

मला शरम वाटली आणि तो राग मी भलत्यावरच काढला. मोरीजवळ पिल्लाने घाण केलेली तशीच राहिली होती. त्यात मी त्याचे नाक घासले आणि दोन चापट्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला खाटेच्या पायाला दोरीने बांधून गेलो. मुलगी दुपारी आली तेव्हा दोरी पायाभोवती गुंडाळत गुंडाळत इतकी आखूड झाली होती, की पिल्लाला मान हलवता येईना. तिला यायला आणखी उशीर झाला असता, तर काय झाले असते ते सांगायला नको.

त्या रात्री मी ठरवले, येत्या रविवारी पिल्लू मंडईत नेऊन सोडायचे. मुलगी काही बोलली नाही, जेवलीही नाही. पत्नी मात्र म्हणाली, "हिला बालवाडीत घातलं तेव्हा ही कशी रडायची, आठवतं का? बाईंनी पहिल्या दिवशी अर्धाच तास ठेवलं होतं. आपण चिकूला पहिल्याच दिवशी चार तास ठेवलं."

एवढ्या एका वाक्याने माझी चूक माझ्या लक्षात आली. पुढे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले, आणि दीड महिना खटपट केली. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की पिल्लू हट्टाने किंवा सूड म्हणून रडत नाही. जन्मल्यापासून ते आई आणि भावंडांच्या ढिगात झोपलेले असते. एकटे पडलेले पिल्लू रडले नाही तर आईला सापडणार कसे? रडणे हा त्याचा जीव वाचवण्याचा मार्ग आहे. म्हणून तर पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच राहू द्यावे असे सांगतात. आमच्या चिकूला तो मार्गच उरला नव्हता.

दुसरी गोष्ट घाणीची. लहान पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचे पिल्लू, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. तेव्हा साडेतीन तास कोंडून ठेवून घाण केली म्हणून मारणे हा अन्याय आहे. आणि दुपारी केलेल्या घाणीसाठी संध्याकाळी मारले, तर त्याला त्याचा संबंध मुळीच लागत नाही. आपण म्हणतो, "बघा, कसा अपराधी चेहरा केलाय!" तो अपराधी चेहरा नसतो, आपल्या आवाजाची भीती असते. मग पिल्लाला दोन भीती जडतात. मालक जातो ही एक, आणि मालक परत येतो ही दुसरी.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

आधी जागा ठरवा. दोन खोल्यांच्या घरातही एक कोपरा निघतो. आम्ही काकांच्या भिंतीपासून सर्वांत दूरचा कोपरा निवडला. तिथे जुनी गोधडी आणि मुलीचा न धुतलेला फ्रॉक ठेवला, कारण ओळखीच्या माणसाच्या वासाने पिल्लाला धीर येतो. संडास-मोरीत कोंडू नका. उंदराचे औषध, फिनेल, गोळ्या, वायरी त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा. पाणी भरलेले भांडे जड असावे, म्हणजे कलंडत नाही. पत्र्याचे घर असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी कुत्र्याला आत बंद ठेवूच नका. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते, आणि तापलेल्या खोलीत त्याचा जीवही जाऊ शकतो.

पहिले काही दिवस रात्री पिल्लाला आपल्या अंथरुणाजवळच झोपू द्या. "लाडावेल" अशी भीती बाळगू नका. ज्याला धीर मिळतो तेच पुढे एकटे राहायला शिकते.

मग आपण घरात असतानाच त्याला थोडे वेगळे राहायची सवय लावा. स्वयंपाकघराच्या दारात फळी आडवी लावून आम्ही आत आणि चिकू बाहेर, असे सुरू केले. तो आम्हाला पाहू शके, पण पायात येऊ शकत नसे. गप्प बसला की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा.

पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव आपल्या मुलांच्या पुस्तकात येते. पचनावरील संशोधनासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खाण्याआधी ठरावीक खूण झाली, की नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. आमच्या घरात ती खूण म्हणजे किल्ल्यांचा आवाज. किल्ल्या वाजल्या, चपला घातल्या, डब्याची पिशवी उचलली, की चिकू थरथरायला लागे. यावर उपाय सोपा आहे. दिवसातून पाच-सहा वेळा किल्ल्या उचला आणि पुन्हा खुंटीला लावा. चप्पल घाला आणि चहा पीत बसा. हळूहळू त्या आवाजाचा अर्थ पुसला जातो.

यानंतर दार ओढण्याचा सराव. मी कारकून माणूस, म्हणून जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, किती मिनिटे, रडला की नाही. पहिल्या दिवशी दार ओढून फक्त दहा सेकंद बाहेर उभा राहिलो. मग अर्धा मिनिट, एक मिनिट, तीन, पाच. नियम एकच, पिल्लू रडायला लागायच्या आत परत यायचे. रडलेच, तर पुढच्या वेळी वेळ कमी करायची. रोज चढतीच वेळ नको. दहा मिनिटांनंतर एकदा दोन मिनिटे, मग आठ, असे मागेपुढे ठेवावे. माणूस गेल्यावरचा पहिला अर्धा तास सर्वांत अवघड असतो. तो निभावला की पुढचे पुष्कळसे सोपे जाते.

जाण्याआधी पिल्लाला बाहेर नेऊन लघवी-शी करू द्या, थोडे खेळवा, मग खायला द्या. दमलेले, पोट भरलेले पिल्लू झोपते. या वयात ते दिवसातले अठरा-वीस तास झोपू शकते. सोबत काही उद्योग ठेवा. जुना जाड टॉवेल गुंडाळून त्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवले, की चिकू अर्धा तास त्यात गुंग असतो. मात्र अशी वस्तू आधी आपल्या डोळ्यांसमोर देऊन पाहा. चिंध्या करून गिळत असेल तर देऊ नका. शिजवलेली हाडे, कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला घातक आहे.

निघताना "जाऊ का रे बाळा?" असा निरोपाचा सोहळा नको. परत आल्यावरही लगेच धुमाकूळ नको. पिल्लू शांत झाले की मग जवळ घ्या. घाण दिसली तर न बोलता पुसा, आणि वास राहणार नाही अशी धुवा.

इथे एक अडचण येते. सराव पाच मिनिटांवर आहे आणि नोकरी तर रोज करायची आहे. मधल्या दिवसांचे काय? मी दोन दिवस किरकोळ रजा घेतली, मुलाने दोन सकाळी कॉलेजला दांडी मारली. पण ते किती दिवस चालणार? शेवटी समोरच्या खोलीतल्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मी दिवसभर एकटीच असते. सोडत जा माझ्याकडं." महिनाभर चिकू सकाळी त्यांच्याच दारात असे. मोठ्या बंगल्यात पैसे देऊन माणूस ठेवावा लागतो, चाळीत शेजार असतो. फक्त विचारायची लाज सोडावी लागते.

तसाच काकांकडेही गेलो. माफी मागितली, वही दाखवली आणि सांगितले, "काका, एक महिना द्या. जमलं नाही तर चांगलं घर बघून देऊन टाकतो." ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "आज दहा मिनिटं रडलं, मग गप्प." मी ते वहीत लिहून ठेवले. मी घरात नसतानाची खरी नोंद त्यांच्याकडूनच मिळत होती.

सहाव्या आठवड्यात चिकू साडेनऊ ते एक एकटा राहिला. मध्ये साडेअकराला आजी त्याला पाच मिनिटे बाहेर नेतात. अजूनही एखाद्या दिवशी कुईकुई करतो. शाळेला सुट्टी लागून पुन्हा सुरू झाली, की गाडी थोडी मागे जाते. २०२० च्या टाळेबंदीतही हेच झाले होते. दिवसभर घर भरलेले पाहिलेली कुत्री कचेऱ्या उघडल्यावर अनेक घरांत रडू लागली होती. अशा वेळी पुन्हा छोट्या वेळेपासून सुरुवात करावी.

इतके करूनही पिल्लू तासन् तास विव्हळत असेल, लाळ गाळत असेल, दार ओरबाडून पंजे रक्तबंबाळ करत असेल, तर ते शिकवणीच्या पलीकडचे दुखणे आहे. पशुवैद्यांना दाखवा. लसींसाठी तर जायचेच आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्होच्या लसी सुरू होतात आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची. कुत्रे घरचे असो वा बाहेरचे, चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. ज्या घराला रोज आठ-दहा तास कुलूप असते आणि शेजारी बघणारे कोणी नाही, त्यांनी पिल्लू आणू नये. गल्लीतल्या कुत्र्याला दोन वेळा खाऊ घालणे आणि लस टोचून घेणे हेही प्रेमच आहे. पण एकदा आणले, तर ते आपल्या घरातले झाले. आखूड दोरीला तासन् तास बांधून ठेवणे आणि उपाशी मरेल अशा जागी सोडून देणे, या दोन्ही गोष्टी प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहेत. मी त्यातली एक केली होती आणि दुसरी करायला निघालो होतो. कायदा मला नंतर कळला. मुलीच्या ताटातले न खाल्लेले जेवण आधी दिसले.

ती वही आता मुलीकडे आहे. शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे: "आज चिकू रडला नाही. काका झोपले."