छत्तीसचा रोल एवढा महाग का झाला?

इन्स्टाग्रामवर ‘शॉट ऑन फिल्म’ असं लिहिलेले फोटो तुमच्याही फीडमध्ये येत असतील. थोडे दाणेदार, उन्हाला पिवळसर झाक असलेले. वडिलांचा किंवा काकांचा जुना कॅमेरा माळ्यावरून काढायचा, त्यात नवा सेल घालायचा आणि फोटो काढत सुटायचं, असा हा छंद. कॅमेरा घरातच सापडतो. खर्च सुरू होतो तो रोल घ्यायला गेल्यावर.

हिशोब करून बघा. ३६ फोटोंचा साधा रंगीत रोल १,००० रुपयांना धरला आणि तो धुवून स्कॅन करायला ५०० धरले, तर एका क्लिकला जवळपास ४२ रुपये पडतात. त्यात दोन-चार फोटो हललेले, एखाद्यात कुणाचे तरी डोळे मिटलेले. त्यांचेही पैसे तेवढेच.

मागे पडलेली वस्तू स्वस्त व्हायला हवी, असं आपल्याला वाटतं. फिल्मच्या बाबतीत उलटं झालं, कारण मागणी आटली तेव्हा फक्त दुकानं बंद झाली नाहीत, कारखानेच गेले. जगात फिल्मचा खप २००० सालच्या आसपास सर्वाधिक होता. त्यानंतर तो कोसळला. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधल्या आपल्या इमारती कोडॅकने २००७ मध्ये सुरुंग लावून पाडल्या. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिकडे जपानच्या फुजीने एकेक फिल्म बंद करत आणली. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची लाडकी ‘प्रो ४००एच’ २०२१ मध्ये गेली.

आणि नेमकं याच काळात गिऱ्हाईक परत आलं.

आता कुणी म्हणेल, मागणी आहे तर नवा कारखाना काढा. ते तितकं सोपं नाही. रंगीत फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर एकावर एक दिलेले डझनभर अतिपातळ थर. हे काम मिट्ट काळोखात, धुळीचा कण न येऊ देता करायचं असतं. कोडॅककडे यासाठी रॉचेस्टरमध्ये आता एकच लेपन कारखाना उरला आहे. हॉलिवूडच्या सिनेमांची फिल्म आणि तुमच्या कॅमेऱ्यातला रोल तिथेच तयार होतो. आजच्यापेक्षा कित्येक पट मोठ्या खपासाठी उभारलेल्या या यंत्रणेचा खर्च आता थोड्या रोलांवर बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती आणि आधुनिकीकरणासाठी हा कारखाना काही काळ थांबवावा लागला होता. अशा वेळी पर्याय कोण? रंगीत फिल्म मोठ्या प्रमाणावर बनवणारं दुसरं नाव फुजीचं, आणि फुजीचं लक्ष आता इन्स्टॅक्सवर जास्त आहे. ब्रिटनच्या हारमनने (इलफर्डवाले हेच) डिसेंबर २०२३ मध्ये ‘फिनिक्स’ ही स्वतःची रंगीत फिल्म आणली. धाडस म्हणून कौतुकच, पण एवढ्याने भाव उतरत नाहीत.

बरेच जण चांदीकडे बोट दाखवतात. फिल्मवरचा प्रकाशाला प्रतिसाद देणारा पदार्थ चांदीचाच क्षार असतो, हे खरं. पूर्वी जुनी एक्स-रे फिल्म भंगारात विकली जायची ती यासाठीच. आपले कित्येक जुने चित्रपटही रिळांमधली चांदी काढून घेण्याच्या नादात कायमचे गेले. २०२५ मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या वर गेली, त्याचा बोजा रोलवर येणारच. पण फुजीने जपानमध्ये फिल्मचे दर किमान ३० टक्क्यांनी वाढवले ते २०१९ मध्ये, तेव्हा चांदी १५ डॉलरच्या आसपास होती. म्हणजे महागाईचं मूळ चांदीत कमी आणि उरलेल्या मोजक्या कारखान्यांत जास्त आहे.

भारतात यावर आणखी दोन ओझी चढतात. आपल्याकडे येणारा रोल आयात केलेला असतो, त्यामुळे सीमाशुल्क आणि जीएसटी आलेच. त्यात २०१९ मध्ये सत्तरीच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदीपार गेला. कधीकाळी आपलाही कारखाना होता. उटीच्या थंड, स्वच्छ हवेत केंद्र सरकारने उभारलेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये १९६७ पासून उत्पादन सुरू झालं. ‘इंदू’ नावाने त्यांची कृष्णधवल आणि एक्स-रे फिल्म यायची. तो आजारी पडला आणि बंद झाला.

रोलच्या किमतीची चर्चा होते, पण मला जास्त काळजी लॅबची वाटते. रंगीत रोल धुण्याचं रसायन एकदा कालवलं की ते फार दिवस टिकत नाही. पुरेसे रोल आले नाहीत तर वापरायच्या आधीच ते खराब होतं. रोल महागला की लोक महिन्याला दोनऐवजी एक काढतात, लॅबकडे काम कमी जातं, ती धुण्याचा दर वाढवते किंवा मशीन विकून टाकते. तालुक्याच्या गावातल्या ‘तासाभरात प्रिंट’वाल्या पाट्या कधीच उतरल्यात. तिथल्या हौशी माणसाला आता मोठ्या शहरात रोल कुरिअर करावा लागतो. त्याचा खर्च वर दिलेल्या हिशोबात धरलेलाच नाही.

थोडी आशा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईस्टमन कोडॅकने ‘कोडॅकलर १००’ आणि ‘२००’ हे रोल थेट वितरकांना विकायला घेतले. पुरवठा वाढावा आणि भाव स्थिर व्हावेत, हा हेतू कंपनीने सांगितला आहे. त्याआधी दहाएक वर्षं कोडॅकचे रोल कोडॅक अलारिस ही वेगळी कंपनी विकत होती.

तोवर हौशी लोकांनी आपापले मार्ग काढलेत. कृष्णधवल रोल घरच्या बाथरूममध्ये धुता येतो. १०० फुटी रीळ आणून स्वतः भरलं तर त्यातून ३६ चे साधारण १८ रोल निघतात. रिकोने २०२४ मध्ये आणलेला ‘पेंटॅक्स १७’ अर्ध्या चौकटीचा आहे, एका रोलमध्ये ७२ फोटो. मुदत संपलेले स्वस्त रोल मात्र जपून घ्या. आपल्या उन्हाळ्यात दुकानाच्या काचेमागे चार वर्षं भाजलेल्या रोलवर धुरकट डागच उमटतात, आणि धुण्याचे पैसे लॅब पूर्ण घेते. नवा रोल घेणार असाल तर आधी लॅबला फोन करून रंगीत काम कोणत्या दिवशी लावतात तेवढं विचारून घ्या.