कोवळ्या खांद्यांचा संघ

क्रिकेटच्या गावात राहून बेसबॉलचे गुण गाणे म्हणजे इंदूरच्या सराफ्यात उभे राहून परगावच्या जिलबीची वाखाणणी करण्यासारखे आहे. हा अपराध आम्ही गेली काही वर्षे करीत आलो आहोत. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरी स्थायिक झाला, आणि त्याच्यापासून या खेळाची गोडी आम्हांस लागली. तेथील 'ओरिओल्स' हा संघ तेव्हापासून आमचाच झाला आहे. तिकडचा संध्याकाळचा सामना म्हणजे आमची पहाट. चहाचा पेला आणि त्या संघाचा धावफलक दोन्ही एकाच वेळी हाती येतात. चहा बहुधा गोड असतो. धावफलकाची तशी खात्री देता येत नाही.

या खेळाचे नियम समजावून सांगण्याचा आमचा इरादा नाही. आज विचार करावयाचा आहे तो एकाच प्रश्नाचा. मोडकळीस आलेला संघ तरुण खेळाडूंच्या बळावर पुन्हा उभा कसा करावा? प्रश्न परदेशातील खेळाचा असला, तरी ज्या घरात शिकती मुले आहेत, त्या घराला तो परका वाटणार नाही.

अमेरिकेतील या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत तीस संघ आहेत, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. उत्तम संघही त्यांपैकी साठएक सामने हरतो. म्हणूनच हा खेळ माणसाला पराभव पचवावयास शिकवितो. दुसरे वैशिष्ट्य असे की, कितीही गुणी मुलगा असला तरी तो बहुधा थेट मोठ्या संघात जात नाही. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली चढत्या श्रेणीचे चार दुय्यम संघ असतात, आणि मुलाला त्या पायऱ्या चढत वर यावे लागते. अमेरिकन लोक या व्यवस्थेला 'फार्म' म्हणजे शेत म्हणतात. ती रुजविली ब्रँच रिकी या गृहस्थांनी, १९२० नंतरच्या दशकात, सेंट लुई शहराच्या कार्डिनल्स संघासाठी. धनिक संघांशी बोली लावून तयार खेळाडू विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा स्वतःच पेरावे आणि स्वतःच पिकवावे, असा त्यांचा हिशेब होता. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ साली ब्रुकलिनच्या मोठ्या संघात आणून वर्णभेदाची भिंत पाडणारे रिकी ते हेच. त्यांनीही रॉबिन्सनला आधी, १९४६ साली, माँट्रिऑलच्या दुय्यम संघात एक हंगाम खेळविले होते.

पुढे १९६५ साली एक नवा नियम आला. शाळा-कॉलेजांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची दरवर्षी क्रमाने निवड व्हावी, आणि जो संघ मागील वर्षी तळाशी राहिला त्याचा क्रम आधी लागावा. हेतू उदात्त होता. दुबळ्याला आधी वाढावे, म्हणजे पंगतीत सर्वांना पोटभर मिळेल. परंतु जेथे दुबळेपणाला बक्षीस असते, तेथे दुबळेपणाचे सोंग घेणारेही निघतात. आणखी एक नियम ध्यानात घ्यावा. मोठ्या संघात सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूला आपल्या मर्जीने दुसरीकडे जाता येत नाही, आणि पहिली काही वर्षे तर तो बराच स्वस्त पडतो. तेव्हा काही व्यवस्थापकांनी सरळ त्रैराशिक मांडले. जुने, महागडे खेळाडू विकावे. तीन-चार वर्षे खुशाल हरावे. दरवर्षी पहिल्या निवडीचे मुलगे गोळा करावे. आणि ते एकदम वयात आले की करंडक उचलावा.

ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाने हे गणित करून दाखविले. २०११ साली तो १०६ सामने हरला, २०१२ साली १०७ आणि २०१३ साली १११. त्यानंतर २०१७ साली त्याने वर्ल्ड सीरीज ही अंतिम मालिका जिंकली. शिकागोच्या कब्ज संघाने २०१२ साली १०१ सामने गमावले आणि २०१६ साली विजेतेपद मिळविले. त्याचे आधीचे विजेतेपद १९०८ सालचे होते! अशी फळे दिसल्यावर अनुकरण न झाले तरच नवल. आमच्या बॉल्टिमोरने २०१८ साली ११५ सामने हरल्यावर ह्यूस्टनच्याच कारभारात मुरलेले माइक इलायस यांना सूत्रे दिली. पुढे २०१९ साली १०८ आणि २०२१ साली ११० पराभव झाले. चहा कडू लागण्याचे ते दिवस. परंतु ॲडली रचमन, गनर हेंडरसन ही पोरे वर आली, आणि २०२३ साली संघाने १०१ सामने जिंकले.

तर मग हे गणित बरोबर आहे, असे वाचक म्हणतील. आम्हांस मात्र त्याच्या तीन पायऱ्या खटकतात.

पहिली अशी की, निवडीचा क्रमांक म्हणजे भविष्य नव्हे. ह्यूस्टनने २०१३ साली सर्व देशातून पहिला म्हणून निवडला तो मार्क अपेल हा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. तो ह्यूस्टनच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नाही. मध्यंतरी त्याने खेळच सोडला होता. अखेर २०२२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो फिलाडेल्फियाकडून मैदानात उतरला. उलट त्याच ह्यूस्टनचा होजे अल्टुवे पाहा. व्हेनेझुएलातील हा बुटका मुलगा चाचणीला आला तेव्हा त्याची उंची पाहून त्याला परत पाठविण्यात आले. वडिलांच्या आग्रहावरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि २००७ साली अवघ्या १५,००० डॉलरांवर करारबद्ध झाला. २०१७ साली त्याच्या लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. गुणपत्रिकेवरून मुलाचे उभे आयुष्य वाचू पाहणाऱ्या पालकांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावी.

दुसरी पायरी अशी की, केवळ पोरांचा संघ हा संघ नव्हे. आंबा अढीत घातला तरी त्याला वेळ आणि ऊब लागते, आणि तरुणाला ती ऊब वडीलधाऱ्यांकडून मिळते. शिकागोच्या त्या विजयी संघात ब्रायंट, बाएस यांच्याइतकाच एकोणचाळीस वर्षांच्या डेव्हिड रॉस या कॅचरचा वाटा होता, असे आम्ही मानतो. २०२३ साली आमच्या बॉल्टिमोरला बाद फेरीत सलग तीन सामन्यांत धूळ चारणाऱ्या टेक्सासकडे कोरी सीगर व मार्कस सेमियन हे कसलेले मोहरे होते, आणि त्यांच्या जोडीला एकवीस वर्षांचा इव्हान कार्टर. त्या वर्षीचे विजेतेपद टेक्सासनेच नेले. बॉल्टिमोरने २०२४ साली कॉर्बिन बर्न्स हा अनुभवी पिचर आणला खरा, परंतु एकाच हंगामानंतर तो निघून गेला, आणि त्याच्या तोलाचा माणूस आणला गेला नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०२५ साली तोच गुणी संघ ८७ सामने हरला. पोरे तीच होती. आमचे स्पष्ट मत असे की, गोलंदाजीच्या बाजूला दोन-तीन पोक्त माणसे उभी केल्यावाचून त्या पोरांना दोष देणे न्यायाचे नाही.

तरुण कोसळला तर त्याला कसे सांभाळावे, याचा धडाही याच संघात आहे. जॅक्सन हॉलिडे हा २०२२ सालचा पहिल्या निवडीचा मुलगा. विसाव्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, तो मोठ्या संघात आला आणि पहिल्या चौतीस संधींत त्याला केवळ दोन हिट मिळाल्या. त्याला दुय्यम संघात परत धाडण्यात आले, आणि जुलैअखेरीस पुन्हा बोलाविण्यात आले. परत पाठविणे ही शिक्षा नसून उपचार असू शकतो, एवढे मात्र त्या मुलाला कोणी तरी नीट सांगावे लागते. याच बॉल्टिमोरचा कॅल रिप्केन १९८१ साली प्रथम आला तेव्हा एकोणचाळीस संधींत पाच हिट एवढीच त्याची मिळकत होती. व्यवस्थापनाने विश्वास ढळू दिला नाही. १९८२ साली तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, १९८३ साली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि संघ विजेता झाला. पुढे सलग २,६३२ सामने खेळण्याचा विक्रमही त्याने केला. १९८३ नंतर बॉल्टिमोरला वर्ल्ड सीरीज लाभलेली नाही.

तिसरी पायरी आम्हांस सर्वांत अधिक खटकते. ती आहे जाणूनबुजून हरण्याची. धीर धरणे निराळे आणि हार ठरविणे निराळे. धीर धरणारा आजचा सामना जिंकण्यासाठीच खेळतो, फक्त निकालाने खचत नाही. हार ठरविणारा आज मैदानात उभ्या असलेल्या माणसांना उद्याच्या खताचा दर्जा देतो. त्या तीन वर्षांत जे खेळाडू रोज उतरले आणि हरले, त्यांच्या आयुष्यात ती वर्षे पुन्हा येणार होती काय? शिवाय माणसांकडे आकडे म्हणून पाहण्याची सवय एकदा लागली की ती थांबत नाही. शिकागोने २०१५ च्या आरंभी क्रिस ब्रायंटला सुमारे दोन आठवडे दुय्यम संघात ठेवले. कारण खेळातल्या उणिवांचे सांगितले, परंतु त्यामुळे त्याच्यावरचा हक्क संघाला एक वर्ष अधिक मिळाला. त्याने दाद मागितली. २०२० साली निकाल त्याच्याविरुद्ध गेला. नियमाने ते योग्य असेल, मनाला पटत नाही. ह्यूस्टनची गोष्ट तर याहून वाईट. २०१७ साली त्या संघाने कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याच्या पिंपावर ठोके देऊन आपल्या फलंदाजांना इशारे दिले, हे जानेवारी २०२० मध्ये चौकशीत उघड झाले. व्यवस्थापक निलंबित झाले व त्यांची नोकरी गेली. करंडक मात्र त्यांच्याकडेच राहिला. त्या तरुणांना चेंडू मारावयास शिकविले गेले. काय करू नये, हे सांगणारे वडीलधारे तेथे कमी पडले.

अमेरिकन मंडळींनाही हे उमगले नाही असे नव्हे. २०२२ च्या करारानुसार पहिल्या सहा निवडी आता सोडतीने ठरतात. सर्वांत जास्त हरणाऱ्याला पहिला क्रमांक मिळेलच अशी हमी उरलेली नाही. त्याच वर्षी दुय्यम संघांतील खेळाडूंची संघटना झाली, आणि २०२३ च्या करारात त्यांचे तुटपुंजे वेतन वाढले. त्यांतील सर्वांत वरच्या श्रेणीत वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळत, ते ३५,८०० झाले. शेत पिकवावयाचे तर रोपांना पाणी घालावे लागते, ही साधी गोष्ट कळावयास शंभर वर्षे लागली.

आता थोडे घराकडे वळू. आमच्या इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू ज्यांच्या हाताखाली खेळले, ते कर्णधार सी. के. नायुडू तेव्हा पन्नाशीच्या घरात पोहोचले होते. पुढे जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने बंगळूर येथे मुंबईस सहा गडी राखून हरविले आणि रणजी करंडक प्रथमच आणला. अंतिम सामन्यात यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार यांनी शतके ठोकली. या मुलांच्या पाठीशी उभे होते शिस्तीचे कडक प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. १९९८-९९ साली त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांनी अंतिम सामना गमावला होता. तेवीस वर्षांनी त्यांनी तरुणांना घेऊन तेथेच विजय मिळविला, तोही एकही हंगाम ठरवून न हरता. अशी उदाहरणे घरात असता आम्ही सातासमुद्रापलीकडे का पाहावे, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, दुसऱ्याचे अंगण पाहिल्यावर आपले अंगण अधिक नीट दिसते.

आम्ही पेशाने सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. आमच्याकडे पहिल्या निवडीचा हक्क नसतो. दारात येईल त्या मुलाला वर्गात घ्यावे लागते, आणि घ्यावेच. पुढची तुकडी हुशार येणार आहे म्हणून यंदाची तुकडी सोडून द्यावी, असा विचार शाळेला परवडत नाही, कारण यंदाच्या मुलांना दहावीचे वर्ष एकदाच असते. घरांतून मात्र हा हिशेब अजून चालतो. धाकट्याला कोट्याला पाठवावयाचे म्हणून थोरलीचे कॉलेज थांबते. एकाच्या करंडकासाठी दुसरीचा हंगाम हरविला जातो, आणि त्याला नाव दिले जाते व्यवहाराचे. ज्या आईबापांसमोर आज असा निर्णय आहे, त्यांनी तो घेण्यापूर्वी थोरलीला जवळ बसवून तिचे म्हणणे एकदा ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.