शिबिरातला संथ पंधरवडा

२०२५ च्या २९ ऑगस्टला विशाखापट्टणममध्ये प्रो कबड्डी लीगचा बारावा हंगाम सुरू झाला. त्याआधी एकही चढाई झालेली नव्हती, पण भोकरदनच्या चहाच्या हॉटेलांवर पुणेरी पलटणच्या तयारीवर जोरदार चर्चा होती. सराव शिबिरातले वीस-तीस सेकंदांचे व्हिडिओ मोबाइलवर येत आणि त्यावर अर्धा-अर्धा तास वाद चाले. असलम इनामदारचा गुडघा पूर्ण बरा झाला का? नवे प्रशिक्षक अजय ठाकूर पोरांकडून पुरेशी मेहनत करून घेतील का? मोठे खेळाडू सरावात जपून का खेळतात? एवढे पैसे घेऊन हे नुसतं वॉर्मअप करत बसतात का?

या चर्चेत एक माप सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं : घाम. ज्या शिबिरात खेळाडू ओकारी येईपर्यंत पळतात ते शिबिर चांगलं आणि जिथे हळूहळू चाललंय तिथे काहीतरी गडबड आहे. वैद्यकशास्त्राचा अनुभव जवळजवळ उलटा आहे. आणि हे माप फक्त टीव्हीवरच्या संघापुरतं राहिलं असतं, तर मी त्यावर लिहिलंही नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलिस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. त्यानंतर पहाटेच्या अंधारात जालना रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली. घामाचं हेच माप त्यांनीही उचललं आहे.

सगळे अवयव एका वेगाने तयार होत नाहीत

हंगामाआधीच्या शिबिराचं काम काय असतं? सुट्टीत सैल पडलेलं शरीर टप्प्याटप्प्याने भार सोसायला शिकवणं. यात अडचण अशी, की शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने शिकतात. नियमित व्यायाम सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं. दोन-तीन आठवड्यांत मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारतो, ताकद वाढल्यासारखी वाटते. दम लागत नाही, अंग हलकं वाटतं. पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या शिरा, सांध्यांचे अस्थिबंध आणि खुद्द हाडं यांचं काम संथ चालतं. त्यांना बळकट व्हायला काही महिने लागतात.

म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक फसवी अवस्था येते. इंजिन तयार, पण चाकं अजून कच्ची. पीक वर हिरवंगार दिसावं आणि मुळांनी अजून जमीन धरलेली नसावी, तसं. नडगीचं हाड ठणकणं, त्याला बारीक चीर जाणं, टाचेमागची शीर सुजणं या तक्रारी नेमक्या याच सुमारास येतात. लष्करात नव्याने भरती झालेल्या जवानांमध्ये जगभर हेच दिसून आलेलं आहे.

याचा एक मोठा नमुना अमेरिकेत २०११ साली पाहायला मिळाला. तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये मालक आणि खेळाडू यांच्यात करारावरून भांडण झालं. मार्च ते जुलै असे चार महिने खेळाडूंना संघाच्या मैदानावर, व्यायामशाळेत, फिजिओकडे जाता आलं नाही. तडजोड झाली आणि सगळे थेट कडक शिबिरात उतरले. पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, निकामी झाली. पुढच्या १७ दिवसांत आणखी दोघांची. एरवी अख्ख्या वर्षात अशा दुखापती पाच ते दहा होत. ही माणसं आळशी नव्हती, जगातल्या सर्वांत तगड्या खेळाडूंपैकी होती. त्यांना मेहनत कमी पडली नव्हती. मधला संथ टप्पा गळाला होता.

गुडघ्याला लिलाव कळत नाही

आता गुडघ्याकडे येऊ. २०२२ च्या हंगामात पवन सेहरावतला तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात काही मिनिटांत त्याचा गुडघा गेला आणि संपूर्ण हंगाम हातचा गेला. पलटणला २०२४ च्या मार्चमध्ये पहिलं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार, अहिल्यानगर जिल्ह्यातला असलम इनामदार, त्यालाही पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने अर्ध्यावर थांबावं लागलं.

कबड्डीत गुडघा का जातो, हे खेळ पाहणाऱ्याला सहज समजेल. चढाई करणारा वेगाने दिशा बदलतो. मॅटवर बूट घट्ट रुतलेला असतो. त्याच क्षणी कोणी घोटा पकडतो, वरचं शरीर वळतं आणि पाय जागेवरच राहतो. ही पिळवट गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधावर येते. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे एसीएल. तो तुटला आणि शस्त्रक्रिया करून नवा बसवला, तरी त्या नव्या दोरीत रक्तवाहिन्या येऊन ती जिवंत, मजबूत व्हायला बराच काळ जातो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. ओस्लोतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाला.

म्हणून दुखापतीतून आलेला खेळाडू शिबिरात अर्ध्या जोराने खेळताना दिसला, तर तो टाळाटाळ करतो आहे असं समजू नये. त्याची एका पायावरची उडी दुसऱ्या पायाइतकी लांब जाते का, मांडीची ताकद दोन्ही बाजूंना सारखी आहे का, अचानक वळताना गुडघा आत झुकतो का, हे पाहिलं जात असतं. जे वॉर्मअप पाहून लोक वैतागतात, त्याचंही तसंच. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम आहे. तोल सांभाळणं, योग्य रीतीने उडी मारून उतरणं, मांडीमागच्या स्नायूंची ताकद वाढवणं. तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याला ना यंत्र लागतं, ना पैसा.

उकाड्याशी ओळख व्हायला चौदा दिवस

शिबिराच्या संथ सुरुवातीचं तिसरं कारण उष्णता. २००१ च्या जुलैअखेर मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकी फुटबॉल संघाच्या शिबिरात कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा खेळाडू सरावानंतर कोसळला. त्याच्या शरीराचं तापमान १०८ फॅरनहाइटच्या वर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, तो गेला. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलने २००३ पासून नियम केला : पहिले पाच दिवस दिवसातून एकच सराव आणि जड संरक्षक पोशाख एकदम न घालता टप्प्याटप्प्याने.

यामागचं शास्त्र सोपं आहे. उकाड्यात रोज थोडा थोडा व्यायाम केला, की सात ते चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. दोन-चार आठवडे व्यायाम बंद पडला, की ही कमाई निघून जाते. आपल्याकडे लोकांना वाटतं, उष्माघात एप्रिल-मेमधला. पण पावसाळ्यातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. जोरात पळणाऱ्याला ऑगस्टच्या ढगाळ सकाळीही उष्माघात होऊ शकतो.

आणखी एक गैरसमज. उष्माघातात अंग कोरडं पडतं, असं आपण ऐकलेलं असतं. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात रुग्ण घामाने चिंब असू शकतो. खूण वेगळी आहे : पळणारा मुलगा असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या देतो, चिडतो, कुठे आहोत ते त्याला कळत नाही. अशा वेळी १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे काढा, हौदात किंवा टाकीच्या थंड पाण्यात गळ्यापर्यंत बसवा आणि डोकं धरून ठेवा. तेही नसेल तर नळीने, बादलीने सतत पाणी ओता. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं, तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नका.

ज्यांना शिबिरच नाही

पलटणच्या खेळाडूमागे फिजिओ आहे, डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ आहे. क्लबने त्याच्यावर पैसे लावलेत, म्हणून क्लब त्याला जपतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरामागे काय असतं? घरच्यांनी कपाशीच्या किंवा मक्याच्या पैशातून भरलेली अकादमीची फी आणि पायात झिजलेले बूट. त्याने शिबिराचा दिसणारा भाग उचललेला असतो : टायर ओढणं, शेकड्यांनी बैठका, पहिल्याच दिवशी घड्याळ लावून पळणं. न दिसणारा भाग, म्हणजे संथ पंधरवडा, त्याला कोणी दाखवलेलाच नसतो.

याची किंमत आपण मोजलेली आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलिस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले. त्यानंतर अंतर ३ किलोमीटरवर आणलं गेलं आणि आता मुलांसाठी ते १६०० मीटर आहे. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत तासाभरात १० किलोमीटर धावण्याची अट होती. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत दहाहून अधिक तरुणांचा मृत्यू झाला आणि सरकारला चाचणी काही दिवस थांबवावी लागली.

आपल्याकडे अंतर कमी झालं म्हणून धोका संपला, असं मात्र नाही. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटरचे आहेत आणि पूर्ण गुणांसाठी साधारण पाच मिनिटांत ते संपवावं लागतं. हे सावकाश पळणं नव्हे, सगळा जीव ओतून धावणं आहे. तयारी नसलेल्या हृदयावर, स्नायूंवर त्याचा ताण लांब पल्ल्यापेक्षा कमी नसतो.

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला या तयारीची दुसरी बाजू दिसते. एकदम तीनशे-चारशे बैठका मारल्यावर मांड्या दगडासारख्या होतात आणि लघवी काळ्या चहासारखी येते. याचा अर्थ स्नायू विरघळून त्यातला लालसर पदार्थ मूत्रपिंडात अडकतो आहे. हे अंगदुखीचं दुखणं नाही. त्याच दिवशी रुग्णालयात यायला हवं, नाहीतर मूत्रपिंड बंद पडू शकतं. अशा वेळी पोरं मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात तीच गोळी मूत्रपिंडाला आणखी मारते. कबड्डीच्या वजनी गटात बसायला दोन दिवस उपाशी राहून, पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवणं हा त्याचाच भाऊ. दम वाढवणारं म्हणून कोणी इंजेक्शन किंवा पावडर देत असेल, तर ती घेऊ नका. उत्तेजक औषधांनी शरीराची उष्णता वाढते आणि थकव्याची जाणीव मरते. थांबायला सांगणारी शेवटची घंटाच बंद होते.

काय करता येईल

 पहिले दोन आठवडे घड्याळ घरी ठेवा. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला-पळा, एक दिवसाआड. पुढे अंतर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. वेगाचा सराव दुसऱ्या महिन्यापासून. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं आणि अंधारात रस्त्यावर पळायचंच असेल, तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने. ताप असताना, जुलाब झालेले असताना पळू नका. धावताना कधी चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखलं असेल किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर आधी तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ईसीजीची सोय असते. सावकाशीने करायची ही तपासणी चाचणीच्या आदल्या दिवशी करून भागत नाही.

अकादमी चालवणाऱ्यांनी मैदानावर भरलेली पाण्याची टाकी आणि बर्फ ठेवावा, नव्या मुलाला जुन्यांच्या रांगेत पहिल्या दिवशी उभं करू नये आणि बैठकांची शिक्षा बंद करावी. सरकारने मैदानी चाचणीची तारीख किमान तीन महिने आधी जाहीर करावी. तारीख अचानक आली, की हजारो मुलं पंधरा दिवसांत तीन महिन्यांची तयारी करू पाहतात आणि अमेरिकेतल्या २०११ च्या शिबिराची पुनरावृत्ती आपण तालुक्या-तालुक्यात करतो. शरीराला वेळ द्यायचा, तर आधी व्यवस्थेने तो उमेदवाराला द्यायला हवा.

आणि पलटणच्या चाहत्यांसाठी एवढंच. हंगाम लांबलचक असतो. सुरुवातीच्या सामन्यांत एखादा आवडता खेळाडू राखीव बाकावर दिसला, तर लगेच प्रशिक्षकाला शिव्या देऊ नका. त्याचा गुडघा शेवटच्या आठवड्यात लागणार आहे, हे त्या प्रशिक्षकाला ठाऊक असतं. चहाच्या टेबलावर शेजारी भरतीची तयारी करणारा कोणी बसला असेल, तर त्यालाही आज किती पळालास असं विचारण्याऐवजी सुरुवात कधी केलीस, हे विचारा.