मेगापिक्सेल बुडाले!

आम्हा मेकॅनिकलवाल्यांना ओ-रिंगचं चित्र झोपेतसुद्धा काढता येतं. ओरलला मी काढलंही होतं, मार्क पण बरे पडले. तरीही गेल्या डिसेंबरात तारकर्लीला मी मामाचा कॅमेरा बुडवला, आणि तोही कमरेभर पाण्यात!

झालं असं, की कॅमेरा 15 मीटरपर्यंत वॉटरप्रूफ. मामा देताना एवढंच म्हणाला होता, "दार नीट बघून लाव रे." दुपारी कार्ड भरलं. मी किनाऱ्यावर उभ्या उभ्या ओल्या हातांनी दार उघडलं, कार्ड बदललं, खट्‌ करून बंद केलं. रबराच्या पट्टीवर वाळूचा कण बसला होता, तो दिसला नंतर. दहा मिनिटांत लेन्सच्या आत धुकं आणि संध्याकाळी कॅमेरा गप्प.

आता गंमत बघा. 10 मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोचा जादा दाब असतो. 4 बाय 3 सेंटिमीटरचं दार धरलं तर 12 किलो. म्हणजे खोलवर पाणीच दार दाबून धरतं! कमरेभर पाण्यात ही मदत नाही, सगळी भिस्त त्या रबरावर. म्हणून माझं म्हणणं, कॅमेरा घेताना आधी दार उघडून बघा. सील साफ करता येतं का, लॅचला दुसरं लॉक आहे का? ते सोडून आपली पोरं विचारतात, "किती मेगापिक्सेल?"

ऑलिंपसचा टीजी-6 (2019) आणि त्याच्यानंतरचा टीजी-7 (2023) दोन्ही फक्त 12 मेगापिक्सेलचे. पण लेन्सपासून 1 सेंटिमीटरवरची वस्तू टिपतात, पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स आहे, रॉ फाइल मिळते. माझ्या मते पाण्यात लागतं ते हेच. आणि आयपी68 वाला फोन समुद्रात नेणाऱ्या शूरवीरांनो, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते बरं का!

मामाचा कॅमेरा गेला, पण पहिलं कार्ड वाचलं. त्यावर सकाळचे दोनशेच्या वर फोटो होते. उघडून बघतो तर सगळं निळं-हिरवं, जणू काचेवर शेवाळ. कारण सोपं आहे. पाणी लाल रंग आधी खातं, पाचेक मीटरमध्ये बराचसा लाल गायब. आणि हे अंतर फक्त खोलीचं नाही. 4 मीटर खाली जाऊन 3 मीटरवरच्या माशाचा फोटो काढला तर प्रकाश 7 मीटर पाण्यातून आलेला असतो. मी वर झूमही करत होतो! फ्लॅश मारला तर आणखी वाईट, घाटात धुक्यात अप्पर लाइट मारल्यावर दिसतं तसं. पाण्यातला प्रत्येक कण चमकतो.

दोनशेत एकच फोटो जमला. काळ्या पट्ट्यांचा पिवळसर मासा आपणहून हातभर अंतरावर आला होता. तेवढ्यात रंग आहे, डोळ्यात चमक आहे. झूम विसरा आणि जवळ जा.

पण जवळ जायचं म्हणजे प्रवाळावर उभं राहायचं नाही! आमच्यातल्या एकाने फोटोसाठी तेच केलं आणि गाइडच्या शिव्या खाल्ल्या. बरं झालं. मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, आणि प्रवाळाची फांदी वाढायला वर्षं लागतात. माझं मत कुणाला पटणार नाही, पण पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याच्या हातात कॅमेरा देऊच नये. आधी पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येऊ दे.

मामाकडे गेलो तेव्हा कॅमेरा तांदळाच्या डब्यात होता. (मीठ तसंच आत ठेवून वाळवलं, हाही माझाच शहाणपणा!) त्याने दार उघडलं, रबर नखाने उचललं, कण बोटावर घेतला. म्हणाला, "फोटो तरी आले का?" मी तो एक दाखवला. त्याने बराच वेळ बघितला. मग मामी म्हणाली, "मासा छान आहे, पण तांदूळ कुठल्या डब्यातला घेतलास?"

दुरुस्तीवाल्याने हात वर केलेत. दोन शिकवण्या धरल्यात, तरी दिवाळीपर्यंत निम्मेच पैसे जमतील.